तिच्या खोलीतला वास

माझ्या बायकोला त्या खोलीत आमच्या मुलीचा वास यायचा. मला यायचा की नाही हे सांगता येणार नाही, कारण मुलगी गेल्यानंतर मी त्या खोलीत पाऊलच टाकलं नव्हतं. दारापर्यंत जायचो, कडीला हात लावायचो आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून परत फिरायचो.

आम्ही तिघंच होतो घरात. मी ओझरला कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्त झालो. ही शाळेत मराठी शिकवायची, तीही माझ्यापाठोपाठ निवृत्त झाली. मुलगी एकुलती एक. बँकेत लागली आणि पहिलीच नेमणूक लासलगावला मिळाली. तिथे खोली घेऊन राहा म्हटलं तर ऐकेना. रोज जाऊन येऊन करायची. सकाळी आमचा चहा व्हायच्या आत निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. उन्हाळ्यात तर लालबुंद चेहरा घेऊन दारात उभी राहायची आणि चपला काढायच्या आधी म्हणायची, "आई, पाणी. बाबा, एसी."

एसी तिच्याच खोलीत होता. नाशिकला एसी कशाला लागतो, असं आयुष्यभर म्हणत आलेला मी माणूस. आमच्या लहानपणी इथे मे महिन्यातही पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची. पण आता तसं राहिलेलं नाही, आणि आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाजूचा. तिनेच हट्ट धरला, तिनेच दुकानात जाऊन पसंत केला आणि बसवायच्या दिवशी रजा टाकून घरी थांबली. पहिल्यांदा थंड हवा आली तेव्हा पलंगावर उभी राहून तोंड एसीपुढे धरून डोळे मिटून उभी होती. त्या उन्हाळ्यापासून आम्ही तिघंही तिच्याच खोलीत झोपायला लागलो. ती पलंगावर, आम्ही दोघं खाली गादी टाकून. दिवा घालवल्यावर ती शाखेतल्या गमती सांगायची. कुठला व्यापारी मॅनेजरशी कसा भांडला, कुठल्या आजीबाई अंगठा उमटवल्यावर शाई तिच्याच ओढणीला पुसून गेल्या. ऐकता ऐकता आमचा डोळा लागायचा, आणि आम्ही झोपलो म्हणून ती रुसायची.

पाऊस सरत आला होता तेव्हा तिला ताप आला. तपासणीत डेंगी निघाला. त्या वर्षी आमच्या कॉलनीत घरटी एकाला तरी झाला होता आणि सगळे बरे होऊन हिंडत होते. त्यामुळे आम्ही काळजी केली, पण घाबरलो नाही. पपईच्या पानांचा रस, नारळपाणी, जो जे सांगेल ते केलं. मग प्लेटलेट्स उतरायला लागल्या आणि डॉक्टरांनी भरती करा म्हणून सांगितलं. जिना ती आपल्या पायांनी उतरली. रिक्षात बसताना मला म्हणाली, "बाबा, एसी बंद केलात ना?"

"केला," मी म्हणालो.

त्यानंतर ती घरी आली नाही. दवाखान्यात सगळ्यांनी जिवापाड प्रयत्न केले. मी त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, लिहिता येतही नाही.

दिवस उरकले, पाहुणे गेले आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. मी सकाळी गोदाकाठाने फिरायला जाऊ लागलो. नंतर नंतर संध्याकाळीही जाऊ लागलो. घरात असलो की टीव्ही लावून बसायचो. ही मात्र वेगळं करायची. दुपारची जेवणं झाली, ओटा पुसून झाला की ती मुलीच्या खोलीत जायची. आतून दार लावून घ्यायची. खिडक्या बंद असायच्या, पडदे ओढलेले असायचे. मग एसी सुरू झाल्याचा बारीक आवाज यायचा आणि तास दीड तास काहीच ऐकू यायचं नाही.

"आत काय करतेस?" मी एकदा विचारलं.

"पडते जरा."

"आपल्या खोलीत पड की. पंखा आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी किती अडाणी आहे हे तिला आत्ताच कळलं. मग म्हणाली, "तिचा वास येतो अजून. एसी लावला की जास्त येतो."

खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. मला मुलीचं काहीच येत नव्हतं. स्वप्नसुद्धा पडत नव्हतं.

वास उडून जाईल म्हणून ती त्या खोलीची खिडकी कधी उघडत नसे. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना तिथे झाडायला बंदी होती. पलंगपोस बदललेला नव्हता. एसीची सर्व्हिसिंग करून घ्यायची का म्हणून दुकानातून फोन आला तर, "आम्ही लावतच नाही हो," असं सांगून ती फोन ठेवायची. हिवाळा आला. आमच्याकडे तेव्हा दुपारीही स्वेटर अंगावर असतो. ती शाल गुंडाळून आत जायची आणि तरीही एसी लावायची. मी बाहेरच्या खोलीत बसून तो आवाज ऐकायचो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, त्यांना जरा बाहेर काढा." पण मला वाटायचं, जगण्यासाठी एवढं एक तिने धरून ठेवलंय, ते का सोडवायचं?

पुढच्या पावसाळ्यात तिला खोकला लागला. कोरडा, सारखा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी औषध दिलं, मग दुसरं दिलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. जेवण कमी झालं, ब्लाउज सैल झाले. दुःखाने खंगलीय असंच सगळे म्हणायचे, मीही तेच धरून चाललो होतो. मग तिच्या बहिणीच्या घरी लग्न निघालं म्हणून आम्ही पुण्याला गेलो. जायला ती तयार नव्हती, मीच जवळजवळ ओढून नेलं. आठवडाभर राहिलो. तिथे खोकला थांबला. बहीण म्हणाली, "बघ, माणसांत आलीस की बरी होतेस." परत आलो, दोन दुपारी गेल्या आणि खोकला पुन्हा सुरू झाला. यावेळी दम लागायला लागला. दुसऱ्या मजल्यावर पोचली की ती कठड्याला टेकून उभी राहायची आणि मोबाइल बघत असल्याचं नाटक करायची.

छातीच्या डॉक्टर एक बाई होत्या, आमच्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी एक्स-रेची फिल्म पाहिली, पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. मग औषध लिहायच्या आधी प्रश्न विचारायला लागल्या.

"काकू, खिडकीत कबुतरं बसतात का? घरात पक्षी वगैरे?"

"नाही."

"भिंतींना ओल येते? कुठे बुरशी?"

"नाही."

"बाहेरगावी गेल्यावर बरं वाटतं का?"

मी पुण्याचं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"घरात एसी आहे?"

"आहे," ही म्हणाली. "पण आम्ही फारसा लावत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत होती.

"ती रोज लावते," मी म्हणालो. "दुपारी. खिडक्या बंद करून. खोली वर्षभर उघडलेली नाही."

डॉक्टरांनी 'का' असं विचारलं नाही. बहुतेक आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी ओळखलं असावं. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं की बुरशीचे अगदी बारीक कण श्वासातून आत जातात, काही लोकांच्या फुप्फुसांना ते सहन होत नाहीत, सूज येते. लवकर थांबलं तर सूज उतरते. नाही थांबलं तर आत व्रण पडतात, आणि ते भरून येत नाहीत. सीटी स्कॅन करायचा होता. पण त्याच्या आधी एक गोष्ट. "काकू, त्या खोलीत आता तुम्ही जायचं नाही. साफसफाई होताना तर अजिबातच नाही. एसी उघडून बघा, भिंती बघा. मऊ सामान, गादी, उशा, कपडे, ज्याला बुरशी लागलीय ते घरात ठेवू नका."

घरी आल्यावर तिने पर्स टेबलावर आपटली.

"तुम्ही का सांगितलंत?"

"मग तू खोटं का सांगितलंस?"

"कारण मला ठाऊक होतं त्या काय सांगणार!" खोकला आला, तो थांबेपर्यंत ती हात वर करून उभी राहिली, मी मध्ये बोलू नये म्हणून. "ती खोली उघडायला सांगणार. सगळं टाकून द्यायला सांगणार. तुमचं काय जातंय? तुम्ही तर आत पण येत नाही."

ते खरंच होतं. मी म्हणालो, "तूही गेलीस तर मी काय करू?" ती थांबली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर लावला.

एसीवाला दोन दिवसांनी आला. जुन्या नाशकातला मुसलमान गृहस्थ, चाळिशी उलटलेला, दाढीत थोडे पांढरे केस. मी त्याला आधी काही सांगितलं नव्हतं. दार मीच उघडलं. वर्षभरानंतर मी त्या खोलीत गेलो तो असा, एका अनोळखी माणसाच्या मागोमाग, तोंडाला मास्क लावून. पलंग, टेबल, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला तिचा पांढरा दुपट्टा. मी कुठेच नजर ठरू दिली नाही. शिडी धरून उभा राहिलो.

ही बाहेर पॅसेजमध्ये उभी होती. मी दोनदा सांगितलं, तू हॉलमध्ये जा. गेली नाही. तोंडावर पदर धरून उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहिली.

त्याने एसीचं झाकण काढलं. जाळ्या बाहेर ओढल्या, त्यांच्यावर राखाडी थर होता, घोंगडीसारखा. मग आतलं उघडलं आणि टॉर्च मारला. हवा फेकणारा जो लांब पंखा असतो, त्याची पाती दिसत नव्हती. सगळीकडे काळी लव वाढली होती. खालच्या ट्रेमध्ये शेवाळासारखं काहीतरी साचलं होतं आणि पाणी जायची नळी त्याने तुंबली होती.

"काका, लय दिवसांत सर्व्हिसिंग नाय झाली दिसतं," तो म्हणाला. "पाणी बाहेर नाय गेलं, मागे भिंतीत उतरलं." मग त्याने वरूनच हिला विचारलं, अगदी साधेपणाने, "ताई, वास नाय आला तुम्हाला? एसी लावला की असा कुबट वास मारत असेल ना खोलीत?"

ही पुढे आली. मी अडवायच्या आत तिने उंबरा ओलांडला, जमिनीवर ठेवलेली जाळी उचलली, पदर खाली केला आणि जाळी नाकाशी धरली.

मी तिच्या हातातून ती जाळी काढून घेतली. ती विरोध न करता तशीच उभी राहिली. तिच्या नाकाच्या शेंड्याला काळं लागलं होतं.

"हाच," ती म्हणाली.

एसीवाला शिडीवर थांबला. त्याला काही कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं.

"हाच वास, हो," ती मला म्हणाली. "रोजचा."

मी तिला धरून हॉलमध्ये नेलं, चेहरा ओल्या फडक्याने पुसला. ती सोफ्यावर बसली. मला वाटलं आता ती रडेल, पण रडली नाही. आत पाण्याचा फवारा सुरू झाला होता, एसीखाली बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून काळं पाणी बादलीत पडत असल्याचा आवाज येत होता. तो आवाज येत होता तोवर ती तळहाताकडे पाहत बसली होती. "वर्षभर," ती मध्येच म्हणाली. "वर्षभर मी काय हुंगत होते?"

जाताना एसीवाल्याने मला जिन्यात गाठलं. "काका, माझं काही चुकलं का बोलण्यात?" मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो ऐकत राहिला, मग हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला, "माफ करा. मला माहिती असतं तर तसं नसतो बोललो." मी म्हटलं, तुझा काय दोष. पण तो बराच वेळ उतरेना.

कपाट भिंतीपासून ओढलं तेव्हा खरी स्थिती कळली. छतापासून फरशीपर्यंत मागची भिंत काळीहिरवी झाली होती. कपाटाचं मागचं प्लायवूड फुगून सुटलं होतं. आतले कपडे घडीच्या घडी तसेच होते, पण त्यांच्यावर काळे ठिपके पडले होते, काहींवर पांढरी भुकटी. गादी खालच्या बाजूने ओली होती.

काय टाकायचं ते मला एकट्याला ठरवता येणार नव्हतं, आणि हिला आत यायला मनाई. हॉलच्या बाल्कनीतून त्या खोलीची खिडकी तिरकी समोर दिसते. शेवटी असं ठरलं की तिने बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, मी आतून बंद काचेजवळ एकेक वस्तू धरायची आणि दोघांनी फोन कानाला लावून बोलायचं. इतक्या जवळून फोनवर बोलताना आवाज दोन्हीकडून यायचा, काचेतूनही आणि फोनमधूनही.

मी पहिला ड्रेस काचेशी धरला. पिवळा, छातीवर भरतकाम.

"डाग आहेत?"

"आहेत. मागे खूप आहेत."

"जाऊ द्या."

निळा कुर्ता. "तो लासलगावला पहिल्या दिवशी घातला होता," ती म्हणाली. मी तसाच धरून उभा राहिलो. "जाऊ द्या," ती म्हणाली. मी काळ्या पिशवीत टाकला.

असं आम्ही दुपारभर केलं. जीन्स, दिवाळीचा लेहंगा, कॉलेजचं जॅकेट. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली होती. भिंतीवर तिने मैत्रिणींचे फोटो लावले होते, ते सोलून काढताना चेहरे भिंतीलाच राहिले. उशी मी काचेशी नेली नाही. तशीच पिशवीत घातली, तिला दाखवली असती तर तिने ठेवा म्हटलं असतं असं मला वाटलं. स्टीलची पाण्याची बाटली, घड्याळ, बँकेचं ओळखपत्र, पुसून घेण्यासारखं जे होतं ते वेगळं काढलं. ओळखपत्रावरचा फोटो काचेशी धरला तेव्हा तिने फोन कानापासून दूर केला आणि थोडा वेळ बाल्कनीच्या कठड्याकडे तोंड फिरवलं.

टेबलाच्या खणात कंगवा सापडला.

"कंगवा आहे," मी म्हणालो. "केस आहेत त्यात."

मी काचेतून पाहिलं, ती उठून उभी राहिली होती, कठडा धरून.

"दाखवा."

मी दाखवला. लांब केस, दोन तीन, दातांमध्ये गुंतलेले.

"ते ठेवा," ती म्हणाली. "डॉक्टर काही म्हणाल्या तरी ठेवा."

ते केस मी काढून एका छोट्या काचेच्या बरणीत ठेवले आणि झाकण घट्ट लावलं. पिशव्या मी खाली नेऊन गेटजवळ ठेवल्या. सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी खाली गेलो नाही. ती वरून बघत होती. गाडी वळेपर्यंत बघत होती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. तिने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "मग तिचा खरा वास कसा हो?"

"शाम्पूचा," मी म्हणालो.

"कुठला शाम्पू? ती दर महिन्याला बदलते."

"रविवारी तेलाचा."

"ते तेल मीही लावते. मला का नाही येत तो वास?"

आम्ही बराच वेळ असंच काहीबाही सांगत राहिलो. तिच्या पावडरचा, तिच्या बॅगेतल्या चिंचेच्या गोळ्यांचा, लहानपणी तिच्या तोंडाला यायचा तो दुधाचा. मग मला एकदम आठवलं. "अगं, कांद्याचा! लासलगावहून आली की कांद्याचा वास यायचा तिला."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिला हसताना बघत होतो. "हो ना. मार्केटचा हंगाम असला की केसांतसुद्धा कांदा. मी दारातच म्हणायचे, आधी आंघोळ, मग जवळ ये." ती हसतच होती आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "रोज म्हणायचे. आंघोळ केल्याशिवाय मी तिला जवळ येऊ दिलं नाही."

"तीच म्हणायची, माझ्यापासून लांब राहा म्हणून," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

"मला हे सगळं आठवतंय," ती म्हणाली. "केसांतला कांदा आठवतोय. पण तो वास येत नाहीये. कळतंय का तुम्हाला मी काय म्हणते ते?"

कळत होतं. मी तिचं ताट बाजूला केलं. त्या संध्याकाळी ती रडली, मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच अशी मोठ्याने, आणि रडण्यात खोकला आणि खोकल्यात रडणं. मला भीती वाटली, पण मी तिला थांबवलं नाही. पाठीवर हात ठेवून बसलो.

औषधं सुरू झाली. स्टेरॉइडने तिचा चेहरा गोल झाला, झोप उडाली, सारखी भूक लागायची. आरशासमोर उभं राहून म्हणायची, "ही कोण बाई?" खोकला मात्र हळूहळू थांबला. तापही गेला. थंडी संपता संपता पुन्हा स्कॅन केला. डॉक्टर म्हणाल्या, सूज बरीचशी उतरली आहे, पण खालच्या भागात व्रण राहिले आहेत. "जे राहिलंय ते राहणार, काकू. वाढणार नाही एवढं आपण बघू." हिने मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "राहू दे." मी तिच्याकडे पाहिलं. त्या खोलीतलं एवढं तरी आपल्यात राहू दे, असं ती म्हणत होती. ते मला समजलं, पण त्याचा रागही आला.

जिन्यात ती आता नाटक करत नाही. प्रत्येक वळणावर थांबते, मीही थांबतो. ज्या बाईचा आवाज शाळेत शेवटच्या बाकापर्यंत काय, पलीकडच्या वर्गापर्यंत जायचा, ती आता एका वाक्यात दोनदा श्वास घेते.

खोलीची भिंत खरवडून घेतली, प्लास्टर काढलं, उन्हाळाभर ती तशीच उघडी ठेवली. मग रंग दिला. एसी तिने काढून टाकायला सांगितला. त्याच गृहस्थाला बोलावलं होतं. त्याने युनिट उतरवलं, भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवून दिलं आणि काम झाल्यावर हिच्या हातचा चहा पिऊन गेला. एसीविषयी त्याने चकार शब्द काढला नाही, पावसाविषयी बोलला.

डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटल्यावर मी तिला आत घेऊन गेलो. खोली रिकामी होती. बोललं की घुमायचं. दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या आणि पश्चिमेचं ऊन फरशीवर पडलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. उन्हाळ्यात आम्ही दोघं खाली जिथे गादी टाकायचो तीच ही जागा, पण हे मी बोललो नाही.

"तिला हे ऊन आवडायचं नाही," ती म्हणाली.

मुलगी गेल्यापासून ही नेहमी "तिला आवडतं, तिला चालत नाही" असंच बोलायची. पाहुण्यांसमोरही. कोणी दुरुस्त करत नसे. त्या दिवशी ती "आवडायचं नाही" म्हणाली. तिच्या लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला आवरेना. इतके दिवस मी घरात, गोदाकाठी, कुठेच रडलो नव्हतो. ती माझ्याकडे न बघता माझा हात धरून बसली. नवीन रंगाचा उग्र वास येत होता, बाकी काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने खाली भाजीवाल्याची हाक आली. ती भिंत धरून उठली, दम लागला म्हणून जरा थांबली, खिडकीशी गेली आणि मेथी आहे का म्हणून तिने खाली विचारलं. आवाज पोचला नाही. भाजीवाला गाडी ढकलत पुढे निघाला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग मी डोळे पुसले, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि ओरडलो.